‘नाही’ कोणाच्या हातचं

बसा ना, हवालदार साहेब, उभे काहून? — सुमती, चहा ठेव वं — तर तुम्ही विचारून राहिले, हे ‘नाही’ कोणाच्या हातचं. आमच्या गौरांगच्याच, दुसऱ्या कोणाच्या? पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म त्याचा, सही त्याची, बुटीबोरीच्या कंपनीतली नोकरी त्याची. ‘कधी अटक झाली होती काय?’ — ‘नाही’. आता तुमच्या कॉम्प्युटरात निघालं ‘हो’, त्याले पोरगं काय करणार! निर्दोष सुटला ना तो, बापा. सुटला म्हणजे पाटी कोरी, असंच समजते माणूस.

नसते कोरी? अटकेची नोंद राहतेच? बरं... सात वर्षं झाली. विसर्जनाच्या मिरवणुकीत दगड चालले, एकाचं डोकं फुटलं. हा पानठेल्यावर उभा होता, तुमच्या लोकांनी अख्खा ठेलाच उचलला. अकरा दिवस आत होता पोरगा. जमानतीले मी नाही गेलो — मामानं सोडवला. मी शेजारी सांगत फिरलो, गौरांग पुण्याले गेला, ट्रेनिंगले. काय करू, मान वर होत नव्हती माझी.

चार वर्षं केस चालली. सुटला त्या दिवशी निकालाची नक्कल माझ्या हातात ठेवली अन् पाया पडला. म्हणे, बाबा, तुम्हीच जपा, तुमच्यासारखा कागद कोण जपते! खरंच आहे, एकतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली, एक चिठोरं गहाळ होऊ दिलं नाही. अन् मी — पुढच्या आठवड्यात आमच्या मुग्धाले पाहायले पाहुणे येणार होते हो. कोणाच्या हाती लागला तर? निकाल दिसला म्हणजे केस दिसली, केस दिसली म्हणजे अटक दिसली. होळी होती. गोवऱ्यांखाली सरकवला. कोणाले सांगितलं नाही — हिलेही नाही.

काय म्हणता? ‘हो, अटक झाली, निर्दोष सुटलो’ असं लिहिलं असतं तर बहुतेक अडलं नसतं? लपवलं, हेच नडते? अजी, लिहिलं होतं त्यानं! थांबा — या पोथीत दडवला होता — हा घ्या, पहिला फॉर्म. हा नाही जाळवला माझ्यानं. पाहा, ‘हो’ लिहिलं, केस नंबर टाकला, तारीख टाकली. मी म्हटलं, अक्षर गचाळ आहे तुझं, दुसऱ्यावर उतरवून देतो. त्यानं न वाचता सही ठोकली. बापच तो, काय वाचायचं! ते ‘नाही’ माझं आहे, साहेब. कोर्टानं सोडलं त्याले, मी नाही सोडलं. लाज वाटते मले, त्याची नाही, माझी. लिहा तुमच्या कागदावर — बाप विश्वनाथ, यानं लिहिलं — मी सही करतो. नक्कल कोर्टातून पुन्हा मिळते म्हणता? मिळेल हो, पण त्याले काय सांगू, पहिली कुठं गेली?

फाटक वाजलं. तोच आहे. तुम्ही काही बोलू नका, मी सांगतो, माझ्या तोंडानं सांगतो. — ये गा, गौरांग. हे साहेब तुझ्याच कामाले आले. बस आधी, पाणी पी... काय? हो, निकाल मागतीलच ते... कपाटात? हो, माझ्याचजवळ दिला होता तू, जपूनच... थांब, तू नको उघडू... किल्ली? किल्ली —