मिलिटरीच्या जीपची पूजा

आमच्या दिरांची जीप तुम्ही कुणी पाहिली नाहीत, तेच बरं. नगरला मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. पत्र्यापेक्षा गंजच जास्त, पण दिरांची ऐट अशी, की गेल्या सालची लढाई जणू यांनीच जिंकली. दसऱ्याला पूजा करून त्याच जीपमधून मला आणि आठ महिन्यांच्या बाळाला माहेरी, कर्जतला सोडायचं ठरलं होतं.

आमचे हे त्यांना म्हणाले, "अरे, आधी पत्रा घास, गंज काढ, लाल प्रायमर मार. सांध्यांतल्या भेगांत लांबीचा लगदा भर, मग रंग."

"एवढं कोन करतंय? रंगाखाली कुनी बघतं व्हय?" असं म्हणत दिरांनी गंजावरच हिरवा रंग थापला. सांध्यांतल्या भेगाही रंगानंच बुजवल्या.

माझा जीव खालीवर. पूजेच्या वेळी मी विचारलंच, "भाऊजी, पायाखालचा पत्रा धड आहे ना? मांडीवर बाळ असणार माझ्या."

"वहिनी, मिलिटरीचा पत्रा हाय! तुमी लई भित्र्या. नारळ तुमच्या पायापाशीच फोडतो, मग तर झालं?"

हळदकुंकू वाहून त्यांनी हात उंच केला आणि जीपमध्ये माझे पाय जिथे येणार, तिथल्या पत्र्यावर नारळ आपटला.

नारळ फुटलाच नाही. पत्रा फाडून आरपार गेला आणि जीपखाली मातीत जाऊन बसला, चांगला शाबूत.

दीर भोकातून खाली बघत म्हणाले, "नारळ लई टनक निघाला, वहिनी."

मी बाळाला कडेवर घेतलं. "मग नारळालाच चाकं लावा, भाऊजी. आम्ही एस्टीनं जातो."