चहानंतरची अकरा मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आमचे संचालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या दोन रांगांत ताठ बसलेले माजी सैनिक (पाठ दुखत असेल तर टेका हो, इथे कवायत नाही) आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मी किती सोशिक आणि आज्ञाधारक आहे, हे आत्ताच्या निरोपाच्या भाषणांतून कळलं. सव्वीस वर्षं मलाच ठाऊक नव्हतं.

या सव्वीस वर्षांत मी केलं काय? युद्धावरून परतलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी गेले, टेपरेकॉर्डर मांडला आणि गप्प बसले. मला गप्प बसता येतं, यावर आमच्या यजमानांचा अजून विश्वास नाही. पण सुरुवातीला माझ्या हातून एक घोडचूक व्हायची. चहा आला की मी यंत्र बंद करायचे. कपबश्यांचा आवाज नको म्हणून! आणि माणूस नेमका तेव्हाच मोकळा व्हायचा. कितीजणांचं खरं बोलणं मी असं वाया घालवलं, आठवलं की स्वतःचाच राग येतो. मग शहाणी झाले. "चहा घेतानाही चालू ठेवू ना?" असं आधीच विचारायला लागले.

गेल्या वर्षी एका ड्रायव्हरकाकांकडे गेले. सैन्यात ट्रक चालवायचे, वय त्र्याण्णव. माघारीच्या दिवशी सगळे जखमी सुखरूप आणले म्हणून भिंतीवर पदक. तासभर त्यांनी तेच सांगितलं, पाठ केल्यासारखं. चहा आला. काकू म्हणाल्या, "आता तरी सांगा. आयुष्यभर झोपेत मलाच सांगत आलात."

काका बशीकडे बघत म्हणाले, "सगळे नाही आणले, बाई. गाडी भरली होती. पाच जण रस्त्याकडेला राहिले. म्हटलं, दुसरी खेप करतो. पण पुलावर अडवलं. मागे फिरायचं नाही, हुकूम! आणि पूल उडवून दिला."

ते पाच जण जखमींच्या यादीत नाहीत, मृतांच्याही नाहीत. कागदोपत्री ते पळून गेले. ज्यांना उठून बसता येत नव्हतं, ते म्हणे पळाले!

"माझं पदक काढून घ्या," काका म्हणाले, "पण त्यांच्यावरचा डाग पुसा." पंधरा दिवसांपूर्वी काका गेले.

आता ही अकरा मिनिटं संग्रहातून काढायचं ठरलंय. साहेब, रागावू नका, पाठीमागे बोलायची मला सवय नाही. तुम्ही म्हणालात, "बाई, इतक्या चांगल्या कामाला गालबोट कशाला?" अहो, पाच घरांच्या तोंडाला काळं फासलंय, ते दिसत नाही, आणि गालबोट तेवढं दिसतं?

आपल्याकडचा नियम सगळ्यांना माहीत आहे. ज्याचा आवाज, त्याच्या सहीशिवाय कापाकापी नाही. तो हयात नसेल तर माझ्या खुर्चीवरच्या माणसाची सही. तो कागद आज दुपारी पुष्पगुच्छाच्या आधी माझ्या टेबलावर आला. मी सही केलेली नाही, करणारही नाही. उद्या माझ्या खुर्चीवर येणारा करेल, एवढं मलाही कळतं. दुधखुळी नाही मी.

पण या सभागृहातल्या प्रत्येक समारंभाचं ध्वनिमुद्रणही आपल्या संग्रहात जातं. आत्ता चालू आहे ते. यातला आवाज माझा, आणि मी चांगली धडधाकट आहे. सही मागायला घरी जरूर या.

काकांना त्या पाचांची कागदावरची नावं आठवत नव्हती. गाडीत हाक मारायचे ती टोपणनावं त्यांनी सांगितली, रस्त्याकडेला ते ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने. शिंपी. लंबू. मामा, वय वर्षं बावीस. धाकटा. आणि पोस्टमास्तर, कारण सगळ्यांची पत्रं तो लिहायचा. घरी पाठवलेल्या पत्रांखालीही तो हेच नाव टाकायचा. ती पत्रं जपून ठेवणारी त्याची बहीण आज माझ्या निमंत्रणावरून इथे आली आहे. गावाने तिला जन्मभर 'पळपुट्याची बहीण' म्हटलं.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, सव्वीस वर्षं सांभाळून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

ताई, उभ्या का राहिलात? बसा... बरं, नको. उभ्याच राहा. माइक त्यांच्याकडे द्या, कुणीतरी. ताई, तुमच्या भावाचं पूर्ण नाव सांगा. मोठ्याने.