जुळ्यातली कालवड

सीताबर्डीतल्या बायकांच्या दवाखान्यात शालिकराम सुनेचा नंबर लागायची वाट पाहत बसला होता. डोकं मोबाइलात घातलेलं, कान मात्र मागच्या बाकावर. तिथं एक म्हातारी एका अनोळखी पोरीला सोडायलाच तयार नव्हती.

“काहून रडून राहिली वं? काय म्हनली डाक्टरीण?”

“माह्यात दोष नाही म्हनते. नवऱ्याले तपासाले आना.”

“मंग आन की!”

“तो नाही येत, मावशी. सासूनं मले माहेरी आनून टाकलं. त्यायच्या गोठ्यात गोऱ्ह्यासंगं जुळी कालवड झाली होती, ती कधी गाभणच राहिली नाही. मीबी भावासंगं जुळी. म्हनून मीबी वांझ.”

“तू काय गाय हाय वं?”

“हेच इचारलं मी डाक्टरणीले. म्हनते, गाईच्या पोटात दोघायचं रक्त एक होते, मंग गोऱ्ह्यापायी कालवडीची पिशवी धड वाढत नाही. मानसात तसं होत नाही.”

“सांग ना सासूले!”

“आत्ताच फोन केला. म्हने, गाई आमी पाळतो, तुही डाक्टरीण नाही पाळत.”

“आन संगं जन्मला तो भाऊ?”

“तो म्हनते, मले दोन लेकरं हायेत, मंग खोट तुह्यातच असन.”

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

“त्या कालवडीले इकलं असन मंग?”

“नाही. गोठ्यातच हाय. सासू म्हनते, मुक्या जीवाले कुठं हाकलावं?”

“आन तुले हाकललं?”

“मी मुकी नाही ना, मावशी.”