शेवटचं प्रकरण

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजातल्या दोघी होत्या. वृद्धाश्रमात समाजसेवा केल्याची प्रमाणपत्रं दोघींच्या हातात होती.

"त्या दृष्टी गेलेल्या आजोबांना माझ्यानंतर तूच वाचून दाखवायचीस ना? रहस्यकथेचं शेवटचंच प्रकरण राहिलं होतं बघ."

"शेवटचं? ताई, मी तर पहिल्या पानापासून सुरू केलं!"

"अगं वेडे! आणि ते काही बोलले नाहीत?"

"म्हणाले, बरं झालं, ही ऐकायचीच राहिली होती."

"लबाड म्हातारा! मग झाली का पुरी?"

"अर्ध्यावर आलो होतो. सोमवारी पोचले, तर गादी गुंडाळून ठेवलेली. आदल्या रात्रीच गेले म्हणे."

"अरेरे."

"ताई, खून कुणी केला होता गं?"

"मला काय माहीत? सेवेचे तास भरले, मी पुस्तक मिटलं."