सातवी पायरी

रंगाच्या दुकानात एकच जण उभा होता, कोपरापर्यंत पांढरे शिंतोडे उडालेला रंगारी. त्याने रोलरची लांब दांडी गल्ल्यावरच्या काकूंसमोर आडवी ठेवली.

"ही कुणाला लागली तर देऊन टाका, काकू."

"का रे, मोडली?"

"छे! मी परत शिडीवर चढायला लागलोय."

"काय सांगतोस! भाऊ गेल्यापासून स्टुलावरसुद्धा पाय ठेवत नव्हतास."

"महिनाभर रोज थोडा थोडा चढलो. काल सातव्या पायरीवरून छताची कड मारली, ब्रशने."

"सरळ आली?"

"पहिला हात फसला. दुसरा बरा आला. तो असता तर खालून दहा चुका काढल्या असत्या."

"त्याला दुसरं काम काय होतं? शिडी धरायची आणि तोंड चालवायचं!"

"तेच ना."

"आता कोण धरतं?"

"खिडकीच्या गजाला दोरीने बांधतो."

"हलत नाही ना?"

"जराही नाही. पण चढण्याआधी अजून विचारतो, 'धरलीस का रे?'"

"रिकाम्या खोलीत?"

"हो."

"आणि मग?"

"जरा थांबतो. मग चढतो."