खिंडीतला वीरगळ

ऐका. शेकोटीजवळ सरका, आणि मधी बोलू नका.

आपल्या वरच्या खिंडीत पूर्वी एक वीरगळ होता. लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. खाली गुरं, मधी भालेवाला गडी, वर चंद्र-सूर्य. गावची गुरं चोरांकडनं सोडवताना तो गडी तिथंच पडला, असं म्हातारी माणसं सांगायची. पुढं कुणीतरी तो दगड उपटून ओढ्यावर आणला. बायका त्यावर धुणं धुवायच्या. काय गजबज असायची तेव्हा ओढ्यावर! आता ओढाही आटला, त्या बायकाही गेल्या.

तर माझी गोजाआत्या सुईण होती. एकदा दिवेलागणीनंतर पलीकडच्या वाडीतनं सांगावा आला, पवळ्यांची सून अडलीय. आत्या कंदील घेऊन एकटीच निघाली. खिंडीत शिरली, तशा मागं घंटा वाजायला लागल्या. गुरांच्या घंटा. वळून बघते तर कुणी नाही! चालली. बरंच चालली, आणि पुन्हा त्याच वाकड्या बाभळीपाशी आली. पुन्हा चालली. पुन्हा बाभळ. मग कंदील विझला. वारा नाही, काही नाही, विझला. घंटा आता चहूबाजूंनी. गुरांचा ऊन श्वास हातांना लागतोय, आणि दिसत एकही नाही. पाऊल टाकायला जागा नाही.

अंधारातनं आवाज आला, "माझा दगड कुठाय?"

आत्याला खोटं सांगावं वाटलं, पण जमेना. म्हणाली, "ओढ्यावर हाय, दादा. आम्ही त्यावर कापडं धुतो. पण आता वाट दे. तिकडं पोर पोटात गुदमरतंय."

मग घंटा बाजूला सरकल्या. आत्या पळत सुटली. पोर जन्मलं ते निळंच. आत्यानं पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, तेव्हा कुठं रडलं.

सकाळी आत्यानं गाव गोळा केलं. दगड गाडीत घातला. पण खिंडीच्या तोंडाशी बैल अडले, काही केल्या पुढं जाईनात. शेवटी देवळापुढं उभा केला. आत्या होती तोवर रोज सांजेला त्याच्यापुढं दिवा लावायची. ती गेली, आणि मग साहेब लोक आले. जुना ठेवा म्हणून दगड तालुक्याला घेऊन गेले. देवळापुढं खड्डा तेवढा राहिला.

खिंडीत घंटा अजून वाजतात. म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या वाटेनं जाऊ नका. तो विचारणार, आणि तुम्ही तालुक्याचं नाव घेणार. ते गाव त्याला ठाऊक नाही.