साक्षीची गाडी

कोल्हापुरात शाहूपुरीत, ऑटिझम असलेल्या मुलांच्या वर्गाबाहेर, माझ्या शेजारी दोघी आया बसल्या होत्या. एक शिरोळची, एक मुरगूडची.

"आमचा मोहित एस.टी.त किंचाळतो हो. काल वाटेतच उतरवलं आम्हाला. हे म्हणतात, बास झालं, आता घरीच ठेव."

"घरी ठिवू नगा, वैनी! आमची साक्षी बी तशीच हुती की. सासूबाई म्हणाल्या, लिंबू उतरा."

"उतरवलं?"

"उतरवलं की. तिनं त्येच चोखून खाल्लं."

"अगंबाई! मग?"

"मग एकदा कंडक्टरनं तिच्या हातात घंटीची दोरी दिली. दोनदा वडली, गाडी हालली, पोरगी गप्प! आता तिनं वडल्याबिगार गाडी सुटत न्हाय."

"लोक चिडत नाहीत?"

"आज आमाला उशीर झाला, तर समदी खिडकीतनं वरडाय लागली, साक्षे, पळ की!"

"आमचा कंडक्टर नाही हो तसा."

"दोरी तर हाय न्हवं? आज स्टँडवर मी येते संगं. कसा न्हाय म्हणतोय बघूया."

"खरंच येता?"

"व्हय की. पर मोहितला सांगा, दोनदाच वडायची. एकदा वडली की गाडी थांबती."